मित्राला युरोप दाखवताना : भोर-वेल्ह्याहून अँटवर्पपर्यंतचे नियोजन

व्यापारी घराण्यांत देण्याघेण्याचा हिशेब नेमका असतो. उधारी, व्याज, वटाव, सारे वहीत चढते. परंतु दुकानाच्या पडत्या काळात पाठीशी उभा राहिलेला मित्र, आजारपणात रात्र-रात्र जागलेला शेजारी, किंवा वडिलांच्या पश्चात गल्ला सांभाळून देणारा सोबती यांचे ऋण कोणत्याही खात्यावर मांडता येत नाही. असे ऋण फेडायचे नसते, त्याचा मान ठेवायचा असतो. या भावनेतून अलीकडे भोर, नसरापूर, वेल्हे या परिसरातील काही कुटुंबांत विचार सुरू झालेला दिसतो, की आपल्या खर्चाने मित्राला एकदा युरोपातील एखादे शहर दाखवावे. हा विचार सुंदर आहे. मात्र नियोजन चुकले तर खर्च वाढतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्याचा मान करायचा तोच संकोचतो. म्हणून या लेखात खर्च, कागदपत्रे, आहार आणि मित्राचा मान या चारही बाजूंचा विचार एकत्र केला आहे.

आधी मित्राला विचारावे

अचानक तिकीट हातात ठेवून आश्चर्याचा धक्का देण्याची कल्पना युरोपच्या बाबतीत व्यवहारात उतरत नाही. शेंगेन व्हिसासाठी प्रत्येकाने स्वतः हजर राहून बोटांचे ठसे द्यावे लागतात. अर्जात प्रवासाचा व राहण्याचा खर्च अर्जदार स्वतः करणार की प्रायोजक, हा प्रश्न असतो आणि त्याखाली मित्राचीच सही असते. तेव्हा भेट गुप्त राहू शकत नाही. ती मोकळेपणाने सांगावी आणि त्याला नकार देण्याची मुभा असावी.

विचारताना एक गोष्ट विसरू नये. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दहा दिशांना आपण किती दूर जाणार याची मर्यादा काही श्रावक-श्राविकांनी घेतलेली असते. मित्राने असा नियम घेतला असेल, तर आपल्या आग्रहाने त्याच्या व्रताची परीक्षा होऊ नये. वृद्ध आई-वडिलांची सेवा, दुकानावर बसणारे दुसरे कोणी नसणे, प्रकृती, ही कारणेही तितकीच खरी असतात.

शहर कोणते आणि का

कमी खर्चाच्या सहलीचे पहिले सूत्र एकच आहे : अनेक देश धावत पाहण्याऐवजी एकच शहर निवांत पाहावे. प्रत्येक नव्या शहरासोबत रेल्वेभाडे, नवी खोली आणि वाया जाणारा अर्धा दिवस येतो. आपल्या वाचकांसाठी बेल्जियममधील अँटवर्प हे शहर अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. १९६० व ७० च्या दशकांत पालनपूर परिसरातील जैन व्यापारी हिऱ्यांच्या व्यवसायासाठी तेथे स्थिरावले आणि लहान हिऱ्यांच्या व्यापारात त्यांनी मोठे स्थान मिळवले. शहराच्या विलरेइक या उपनगरात संगमरवरी देरासर उभे आहे. परक्या मुलुखात प्रभुदर्शनाची सोय असणे हे साधार्मिक प्रवाशाला मोठे समाधान आहे. मात्र तेथे उतरण्याची वा भोजनाची सोय गृहीत धरू नये. वेळा आधी विचारून, परवानगी घेऊनच जावे.

दुसरे कारण अंतराचे. ब्रुसेल्स विमानतळावरून थेट रेल्वेने सुमारे ३५ मिनिटांत अँटवर्प गाठता येते, आणि जुने शहर पायी पाहता येते. टॅक्सीचा खर्च जवळजवळ उरत नाही.

केव्हा जावे

तारीख ठरवताना बाजार, धर्म आणि भाडे या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. चातुर्मासात बहुतेक कुटुंबे लांबचा प्रवास टाळतात. दिवाळीत दुकान सोडवत नाही, मार्चमध्ये वर्षअखेरीचे हिशेब असतात आणि एप्रिल-मे लग्नसराईचे. उन्हाळ्यात युरोपातील खोल्या व विमानभाडेही चढते. उरतो फेब्रुवारीचा उत्तरार्ध. थंडी असते, पण गर्दी नसते आणि दर उतरलेले असतात.

याच काळाला आणखी एक आधार आहे. अँटवर्पमध्ये जूनमध्ये सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, तर डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारनंतर थोड्याच वेळात. चौविहार पाळणाऱ्याला डिसेंबरचा दिवस फारच तोकडा पडतो. फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र सूर्योदय साडेसातच्या आणि सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. म्हणजे घरचाच क्रम जवळजवळ तसाच चालतो : साडेआठच्या आत नवकारसी, आणि सहापूर्वी संध्याकाळचे जेवण.

कागदपत्रांची तयारी

पासपोर्ट नसेल तर तेथून सुरुवात करावी. ३६ पानी पासपोर्टचे साधारण शुल्क १,५०० रुपये असून पोलीस पडताळणीसाठी वेळ हाताशी ठेवावा. पासपोर्ट असेल, तर तो दहा वर्षांच्या आतला असावा, शेंगेन क्षेत्रातून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. आपण दीड-दोन महिने हाताशी ठेवावेत. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि अर्ज-केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला गेला तरी हे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून परत न होणारे तिकीट व्हिसापूर्वी काढू नये. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास-आरोग्य विमा सक्तीचा आहे. मित्राचा खर्च आपण करणार असू, तर प्रायोजकाचे पत्र, आपली बँक-विवरणे व आयकर विवरणपत्रे जोडावीत. मित्राने आपल्या दुकानाची नोंदणी आणि स्वतःची विवरणेही जोडावीत, कारण त्याला घरी परतण्याचे कारण आहे हे त्यातूनच दिसते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर चेहऱ्याचे छायाचित्र व ठसे घेऊन संगणकीय नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, म्हणून तेथे उतरल्यावर थोडा जादा वेळ धरावा.

हिशेब वहीत नीट असावा

व्यापाऱ्याने येथे विशेष सावध असावे. मित्राची सहल हा पेढीचा खर्च नव्हे. तो प्रवासखर्चात टाकण्याचा मोह टाळून स्वतःच्या उचल खात्यावरच टाकावा. तसेच आयकर कायद्यात नातेवाईक कोण याची यादी आहे आणि मित्र कितीही जिवलग असला तरी त्या यादीत बसत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांहून अधिक झाल्यास ती संपूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या हाती करपात्र ठरते. म्हणून मित्राच्या खात्यात मोठी रक्कम भरण्याऐवजी तिकीट, खोली व विम्याचे पैसे आपणच थेट भरावेत आणि आधी आपल्या सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा. टूर कंपनीकडून पॅकेज घेतल्यास टीसीएस आकारला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत तेवढे पैसे अडकतात.

दोघांसाठी चार रात्रींची मर्यादा तीन लाख रुपये धरली, तर वाटणी साधारण अशी करता येईल : विमान १,३०,०००; व्हिसा, सेवाशुल्क व विमा ३०,०००; निवास ५०,०००; रेल्वे, आहार व प्रवेशशुल्क ४५,०००; राखीव ४५,०००. भाडे आणि युरोचा दर रोज बदलतो, तेव्हा हे आकडे केवळ दिशा दाखवणारे समजावेत. राखीव रकमेला मात्र हात लावू नये. भोरहून मुंबई विमानतळ सुमारे २०० किलोमीटर आहे, त्या गाडीभाड्याचा विचारही आधीच करावा.

आहाराची काळजी

विमानात शाकाहारी जैन भोजन मिळते, पण ते उड्डाणाच्या किमान दोन दिवस आधी नोंदवावे. निवासासाठी लहान स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. उकळलेल्या पाण्याची सोय होते आणि बाहेरच्या जेवणाचा खर्चही निम्म्यावर येतो.

सोबत काय न्यावे यालाही नियम आहे. युरोपीय संघाबाहेरून दूध व दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावे. ताज्या फळभाज्यांवरही निर्बंध आहेत. तेलातले खाखरे, भाजलेले पोहे, मूगडाळ, मसाले असे कोरडे, बंद पाकिटातले पदार्थ न्यावेत.

बेल्जियमची प्रसिद्ध बटाट्याची फ्राईज कंदमूळ म्हणून आपल्याला वर्ज्यच आहे. परंतु बटाटा खाणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे, की ती परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळली जाते. त्याच कढईत तळलेला कोणताही पदार्थ घेण्यापूर्वी तेल कोणते हे विचारावे. वॅफल्समध्ये अंडे असते, अनेक चीजमध्ये प्राणिज रेनेट असते, काही चॉकलेटांत मद्य असते. बंद पाकिटावर ई-१२० दिसल्यास तो कीटकांपासून केलेला लाल रंग होय. एक सोय मात्र आहे : अंडे हा ॲलर्जीचा घटक असल्याने तेथील कायद्यानुसार तो घटकांच्या यादीत ठळक छापावा लागतो. कांदा-लसणाला असा नियम नाही, म्हणून त्यांची डच नावे निघण्यापूर्वीच वहीत उतरवून ठेवावीत.

चार दिवसांचा क्रम

तेथील बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. म्हणून मंगळवारी पोहोचून शनिवारी परतावे. पहिल्या दिवशी १९०५ मध्ये पूर्ण झालेले घुमटाचे मध्यवर्ती रेल्वेस्थानक पाहून विश्रांती घ्यावी.

बुधवारी जुने शहर पाहावे : १५६५ मध्ये पूर्ण झालेले नगरभवन, रूबेन्सची चित्रे असलेले कॅथेड्रल, आणि शेल्ड नदीखालचा १९३३ चा पादचारी बोगदा. ५७२ मीटर लांबीचा हा बोगदा जुन्या लाकडी सरकत्या जिन्यांनी उतरून विनामूल्य ओलांडता येतो, आणि पलीकडच्या काठावरून साऱ्या शहराचे दर्शन घडते.

गुरुवारी प्लांटिन-मोरेटस संग्रहालय पाहावे. हे जुन्या मुद्रकांचे घर व छापखाना असून जगातील सर्वांत जुनी टिकून राहिलेली मुद्रणयंत्रे येथे आहेत. २००५ मध्ये त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. ग्रंथभांडारे जपणाऱ्या आपल्या समाजाला ही वास्तू विशेष भावेल. दुपारी मास संग्रहालयाच्या गच्चीवर जावे, तेथे शुल्क नाही.

शुक्रवारी सकाळी देरासरात दर्शन घेऊन जवळच्या मिडलहाइम उद्यानातील शिल्पे विनामूल्य पाहावीत, आणि नंतर स्थानकालगतच्या हिरे बाजारात फेरफटका मारावा. या बाजाराची एक रीत व्यापाऱ्याने आवर्जून समजून घ्यावी. हस्तांदोलन करून ‘माझल’ हा हिब्रू शब्द उच्चारला, की सौदा पक्का. ज्यू असो वा जैन, दिलेला शब्द फिरवायचा नाही. आपल्याकडेही तोंडी व्यवहार अशाच विश्वासावर चालत आले आहेत.

जाणे न झाल्यास

व्हिसा नाकारला गेला, व्रताची मर्यादा आली किंवा घरची अडचण निघाली, तर भेट रद्द झाली असे मानू नये. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला, आणि जुलै २०२५ मध्ये राजगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. ज्या यादीत अँटवर्पचा छापखाना आहे, त्याच यादीत आपल्या दारचा गडही आहे. गल्ल्यावर बसून आयुष्य गेलेल्या किती जणांनी तो चढून पाहिला आहे? दोन दिवस दुकान मुलांवर सोपवून, घरचा डबा घेऊन, मित्रासोबत सूर्यास्ताच्या आत गड उतरून येण्याला हजार-दोन हजारांहून अधिक खर्च येत नाही.

युरोपला जावे की राजगडावर, हे मित्राच्या सोयीने ठरवावे. परतल्यावर मित्राने खर्चाचा विषय काढलाच, तर आकडा सांगू नये. आणि त्याने कधी आपल्याला चहाला बोलावले, तर पैसे त्यालाच देऊ द्यावेत.