साठ जणांचे हजेरीपत्रक

व्हिडिओ गेम म्हणजे नुसती मारामारी, अशी पालकांची तक्रार असते. ती सरसकट खरी नाही. लुकास पोप यांनी बहुतांशी एकट्याने तयार केलेला 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा २०१८ सालचा संगणकावरील खेळ पाहा. कथा १८०७ सालची. ईस्ट इंडिया कंपनीचे बेपत्ता जहाज परत येते, पण त्यावर जिवंत माणूस नाही. खेळणारा असतो विमा निरीक्षक. जहाजावरील साठ जणांपैकी प्रत्येकाचे नाव आणि त्याचे काय झाले, हे वहीत भरायचे. बंदूक चालवायची नाही. चेहरा, बोली, पोशाख, झोपायच्या झोळीवरचा नंबर यांवरून माणूस ओळखायचा.

मी कारकून, म्हणून हा खेळ मला भिडला. कप्तान असो वा भारतीय खलाशी, वहीत जागा सारखीच. फरक एवढाच की कप्तानाचे नाव चटकन कळते, खलाशाचे शोधावे लागते. तीन नोंदी अचूक जुळल्या तरच खेळ त्या मान्य करतो.

मृत्यूची दृश्ये असल्याने हा खेळ लहानग्यांचा नाही. पण पालकहो, थोरल्या मुलांचा खेळ बंद करण्याआधी त्यांच्या शेजारी जरा बसा. खेळातला माणूस नुसता निशाणा आहे की त्याला नाव आहे, एवढे पाहा. मग काय ते ठरवा.