मर्क्युरी, फ्रेडी
मर्क्युरी, फ्रेडी : (५ सप्टेंबर १९४६ – २४ नोव्हेंबर १९९१). विख्यात ब्रिटिश रॉक गायक, गीतकार व पियानोवादक. मूळ नाव फारोख बुलसारा. जन्म झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात. बुलसारा हे आडनाव गुजरातमधील बुलसार (वलसाड) ह्या गावावरून आलेले. वडील बोमी हे झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या सेवेत रोखपाल होते.

वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे सेंट पीटर्स ह्या निवासी शाळेत पाठविण्यात आले. पियानोचे त्याचे रीतसर शिक्षण मुख्यतः तेथे झाले आणि चौथ्या श्रेणीपर्यंतच्या शास्त्र व प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा तो उत्तीर्ण झाला. १९५८ च्या सुमारास त्याने शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला. क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड आदींची त्या काळी लोकप्रिय असलेली गाणी हे विद्यार्थी शाळेच्या समारंभांतून सादर करीत. साधने तुटपुंजी होती. मंद्र स्वरांसाठी चहाच्या खोक्याला दांडी व एकच तार जोडून वाद्य तयार केले होते. विशेष म्हणजे ह्या वृंदाचा मुख्य गायक ब्रूस मरी हा होता. पुढे आवाजासाठी जगप्रसिद्ध झालेला फारोख पियानोवर साथ करी.

तो १९६३ मध्ये झांझिबारला परतला. परंतु जानेवारी १९६४ मधील क्रांतीमुळे कुटुंबास देश सोडावा लागला व ते लंडनजवळील फेल्टम येथे स्थायिक झाले. ईलिंग येथील कलाविद्यालयातून त्याने आरेख्यक कलेची पदविका १९६९ मध्ये घेतली. ‘क्वीन’ ह्या वृंदाचे मानचिन्ह त्यानेच चितारलेले असून त्यात चारही सदस्यांच्या राशी गुंफल्या आहेत : दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या. आयबेक्स (नंतरचे नाव ‘रेकेज’) व ‘सावर मिल्क सी’ ह्या अल्पायुषी वृंदांतून गायल्यानंतर १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे व तालवादक रॉजर टेलर ह्यांच्यासह त्याने ‘क्वीन’ची स्थापना केली. मर्क्युरी हे नाव त्याने ह्याच सुमारास घेतले. उत्पन्न अपुरे असल्याने केन्झिंग्टन बाजारात तो टेलरसह जुने कपडे विकत असे. मंद्र गिटारवादक जॉन डीकन १९७१ मध्ये आला आणि पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये निघाली.

मर्क्युरीच्या रचनांचे वेगळेपण त्याच्या वाद्यात आहे. रॉक संगीत प्रायः गिटारवर रचले जाते, त्यामुळे त्या वाद्याच्या मोकळ्या तारांना सोयीच्या स्वरपट्ट्या त्यात रूढ झाल्या. मर्क्युरी मात्र पियानोवर रचना करी आणि कोमल स्वरांच्या, गिटारवादकास अडचणीच्या वाटणाऱ्या पट्ट्या सहज निवडी. ‘बोहीमियन रॅप्सडी’ (१९७५) ह्या गीताच्या आरंभीच्या पियानोवादनात त्याचा डावा हात उजव्यावरून ओलांडून वरच्या सप्तकात जातो. ह्या गीतातील बहुस्तरीय समूहगायनाचे आराखडे त्याने प्रचलित स्वरलिपीत न लिहिता कागदावर स्वरांची अक्षरे मांडून केले होते, असे ब्रायन मे ह्याने सांगितले आहे. गीत ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. ‘क्वीन २’ (१९७४) मध्ये त्याने हार्प्सिकॉर्डही वाजविले. गिटारवर त्याचे प्रभुत्व बेताचेच होते. तरीही ‘क्रेझी लिट्ल थिंग कॉल्ड लव्ह’ (१९७९) हे गाणे त्याने त्याच वाद्यावर रचले व त्याचा साधेपणा बहुधा त्यातूनच आला. घरी तो १९७५ मध्ये घेतलेला यामाहा कंपनीचा छोटा ग्रँड पियानो वापरी. २०२३ मध्ये लंडन येथील लिलावात त्याला १७ लाखांहून अधिक पौंड किंमत आली.

भारतातील बालपणाविषयी मर्क्युरी जाहीरपणे फारच थोडे बोलला. त्यामुळे त्याच्या हयातीत पाचगणीतील वर्षे बहुतेक श्रोत्यांना अज्ञात राहिली. एड्सच्या विकाराने तो लंडन येथे निधन पावला.