नभोदप्तर : लेखांक नववा
ग्रीनिचचा हिरवा धोटा

मागील लेखांकात उल्कापातांच्या जुन्या वृत्तांतांचा परामर्श घेताना, साक्षीदार अशिक्षित असला म्हणून त्याची जबानी टाकाऊ ठरत नाही, असे आपण पाहिले. आज प्रश्नाची दुसरी बाजू हाती घ्यावयाची आहे, म्हणजे साक्षीदार अव्वल दर्जाचा ज्योतिर्विद असला तरी त्याच्या सांगण्यातील कोणता भाग दप्तरी दाखल करावा आणि कोणता बाजूस ठेवावा, हे ठरवावयाचे आहे.

साक्षीदार आहेत एडवर्ड वॉल्टर मॉन्डर. ग्रीनिचच्या शाही वेधशाळेत १८७३ पासून सूर्याची छायाचित्रे व वर्णपट घेण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि १८९८ च्या २२ जानेवारीस झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी ते पत्नी ॲनी मॉन्डर यांच्यासह आपल्या वऱ्हाडातील तळणी येथे तळ देऊन राहिले होते, एवढी ओळख मराठी वाचकास पुरेशी व्हावी. तळणीच्या मुक्कामात ॲनीबाईंनी सूर्याच्या किरीटातील एका अतिदीर्घ किरणशलाकेचे जे छायाचित्र टिपले, त्याची कीर्ती नवऱ्याच्या पुष्कळशा कामाहून अधिक झाली, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.

घटना १७ नोव्हेंबर १८८२ च्या सायंकाळची. सूर्यबिंबावर नुसत्या डोळ्यांस दिसण्याजोगा प्रचंड डाग आला होता, पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठून वेधशाळांतील चुंबकसूच्या अस्वस्थ झाल्या होत्या, युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे भलतेच संदेश देऊ लागली होती किंवा मुकी झाली होती, आणि सूर्यास्तानंतर ध्रुवीय प्रकाश दिसणार हे जाणकारांस अपेक्षितच होते. तो दिसलाही, परंतु सहाच्या सुमारास, ईशान्य आणि पूर्व यांच्या मधल्या अंगास, क्षितिजालगत हिरवट प्रकाशाचे एक वाटोळे बिंब उगवल्यासारखे वर आले, वर चढता चढता लांबट होत गेले, मध्यमंडल ओलांडताना चंद्राच्या किंचित वरून गेले, आणि पुन्हा आखूड होत पश्चिमेच्या थोडे दक्षिणेस मावळले. ना आवाज, ना ठिणग्या, ना मागे शेपूट. कोणी त्यास चाती म्हटले, कोणी विणकराचा धोटा, कोणी चिरूट, तर कोणी आरमारी टॉर्पेडो.

मॉन्डर यांनी ही हकीकत सविस्तर लिहिली ती १९१६ मध्ये, म्हणजे घटनेनंतर चौतिसाव्या वर्षी, आणि त्या वेळी लंडनवर जर्मन झेपेलिने घिरट्या घालीत असल्यामुळे, आज हा देखावा घडता तर सर्वांनी एकमुखाने झेपेलिनचीच उपमा दिली असती, असा मार्मिक शेराही त्यांनी मारला. तपासनिसाने हा शेरा पहिल्याच पानावर उतरून ठेवावा. उपमा वस्तूविषयी थोडे सांगते, साक्षीदाराच्या काळाविषयी फार सांगते. १९४७ नंतर याच आकारास लोक कशाची उपमा देऊ लागले, हे तबकड्यांच्या बातम्या वाचणाऱ्यांस सांगावयास नको. चार्ल्स फोर्ट या अमेरिकन गृहस्थांनी १९१९ च्या आपल्या ग्रंथात ही घटना परग्रहीय विमानांच्या पुराव्यात जमा केली, ती उपमेच्याच बळावर.

उपमा वगळली की उरतात आकडे, आणि त्यांची रुजुवात घालता येते. मॉन्डर म्हणतात की, संपूर्ण प्रवास दोन मिनिटांहून कमी वेळात आटोपला. आणि तेच म्हणतात की, सूर्यचंद्रादिकांच्या नित्य गतीपेक्षा ही गती जवळजवळ हजारपट होती. आता सूर्यास पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्यास बारा तास, म्हणजे ७२० मिनिटे लागतात. त्याचा हजारावा भाग पाऊण मिनिटही भरत नाही. पाऊण मिनिटास ‘दोन मिनिटांहून कमी’ म्हणणे शब्दशः खोटे नाही, पण वेळेचा हिशेब ठेवणारा मनुष्य तसे बोलत नाही. तेव्हा दोहोंपैकी मिनिटांचा अंक ग्राह्य धरून ‘हजारपट’ ही लेखणीची भरारी समजावी, असे माझे मत आहे. यात मॉन्डर यांचा उपमर्द नाही. डोळा न पाहिलेल्या गोष्टीही पाहतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? मंगळावरील कालव्यांचा गवगवा चालू असता, १९०३ मध्ये त्यांनी ग्रीनिचच्या शाळकरी मुलांपुढे नुसत्या ठिपक्यांची आणि डागांची चित्रे ठेवून दुरून नकला काढविल्या, आणि मुलांनी प्रामाणिकपणे सरळ रेघा ओढून दाखविल्या!

सुदैवाने हा खटला एकट्याच्या जबानीवर अवलंबून नाही. गिल्फर्डनजीक राहणारे जॉन रँड कॅप्रन यांनी, ज्यांचा ध्रुवीय प्रकाशावरील ग्रंथ १८७९ मध्येच निघाला होता, निरनिराळ्या गावच्या प्रेक्षकांची टिपणे जमवून १८८३ च्या मे महिन्यात प्रसिद्ध केली. म्हणजे १९१६ ची आठवण पडताळण्यास ताजे दप्तर हजर होते. या टिपणांत चंद्राचे फार मोठे साहाय्य झाले. चंद्र इतका दूर आहे की, इंग्लंडात कोठेही उभे राहिले तरी ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर त्याचे स्थान फारसे ढळत नाही. उलट त्याच्या शेजारून जाणारी जवळची वस्तू प्रत्येक गावाहून निराळ्या जागी दिसणार, कोठे चंद्राच्या वर, कोठे खाली, आणि या तफावतीवरून तिची उंची काढता येते. प्रकाश मैलभर उंचीवरच्या ढगाचा किंवा आकाशकंदिलाचा असता, तर दीडदोनशे मैलांवरच्या मनुष्यास तो क्षितिजाच्या वर येताच ना. प्रत्यक्षात तो इंग्लंडच्या दूरदूरच्या गावांतून आणि समुद्रापलीकडे नेदरलंड्समधूनही दिसला. कॅप्रन यांच्या हिशेबी उंची सव्वाशे मैलांहून अधिक भरली. हा अंक ढोबळ आहे, कारण हातात कोनमापक न घेतलेल्या लोकांच्या अंदाजांवर तो उभा आहे. पण तो निम्म्यावर आणला तरी वस्तू ध्रुवीय प्रकाशाच्याच मुलखात राहते, दहा-वीस मैलांवर येत नाही.

मग ती उल्का का नव्हे? त्या काळी काहींचा कल तिकडे होता. उल्का काही सेकंदांत जळून खाक होते, ती मिनिट-दीड मिनिट संथपणे आकाश पार करीत नाही, हा एक आक्षेप. परंतु मला त्याहून वजनदार वाटतो तो मार्गाचा पुरावा. १८८२ च्या सुमारास लंडनमध्ये होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे अठरा अंश पश्चिमेस झुकत असे. अर्थात चुंबकीय पूर्व ही खऱ्या पूर्वेच्या तितकीच उत्तरेस, आणि चुंबकीय पश्चिम खऱ्या पश्चिमेच्या तितकीच दक्षिणेस पडे. हिरवा धोटा उगवला कोठे आणि मावळला कोठे, ते वर पुन्हा वाचावे. पृथ्वीच्या चुंबकत्वाशी उल्केचे काही देणेघेणे नसते. ध्रुवीय प्रकाशाच्या कमानी मात्र याच चुंबकीय पूर्व-पश्चिम रेषेस धरून पसरतात, कारण सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानेच वळवून उच्च वातावरणात आणून सोडलेले असतात.

रंगाचाही दाखला तेच सांगतो, जरी मॉन्डर यांच्या हयातीचा बहुतेक भाग त्या हिरव्या रंगाचे मूळ कोणासच उमगलेले नव्हते. अतिविरळ हवेतील ऑक्सिजनच्या अणूंचा तो उद्योग आहे, हे मॅक्लेनन आणि श्रम या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये सिद्ध केले.

त्या रात्रीचा आणखी एक प्रेक्षक सांगण्याजोगा आहे. नेदरलंड्समधील झोनेमेर या खेड्यात सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने ध्रुवीय प्रकाशाचे चित्र व वर्णन करून ‘नेचर’कडे धाडले, आणि संपादकांनी त्यास ‘प्राध्यापक’ समजून वाखाणले. त्याचे नाव पीटर झेमान. पुढे त्यास १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि चुंबकीय क्षेत्रात वर्णपटाच्या रेषा दुभंगतात या त्याच्याच शोधाचा उपयोग करून अमेरिकन ज्योतिर्विद हेल यांनी १९०८ मध्ये सूर्यावरील डागांत प्रबळ चुंबकत्व असल्याचे दाखवून दिले. मॉन्डर यांनी स्वतः १९०४ मध्ये, चुंबकीय वादळे सूर्याच्या भ्रमणाबरोबर सुमारे सत्तावीस दिवसांनी परत येतात, असे नोंदींवरून मांडले. त्याच्या बारा वर्षे आधीच लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने सूर्य आणि ही वादळे यांचा संबंध जवळजवळ निकालात काढला होता, हे लक्षात घेता ते धाडसच होते.

तेव्हा निवाडा असा : वस्तू ध्रुवीय प्रकाशाच्या जातीची होती, तिचे सुबक, आटोपशीर रूप विरळ होते, अलौकिक नव्हते.

हेच चुंबकीय वादळ आपल्या मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेतील यंत्रांनीही टिपले होते. त्या दप्तराचा विचार पुढील लेखांकी करू. दरम्यान वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या रोजनिशीत वा पत्रात आकाशातील अनोळखी उजेडाची नोंद असेल, तर त्यांनी ती मूळ शब्दांत उतरून पाठवावी, आणि उजेड कशासारखा दिसला यापेक्षा तो कोणत्या झाडाच्या वा शिखराच्या वरून, कोणत्या ताऱ्याशेजारून, किती वाजता गेला, एवढे आधी लिहावे.