पोलादाचें पाणी

सुश्रुतसंहितेंत शस्त्रांस पाणी देण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत : क्षार, उदक व तैल. त्यांत विषाची भर पडली ती अर्वाचीन काळांत. दंतचक्राची त्वचा कठीण व गाभा चिवट हवा, म्हणून तें सुमारें ८५० अंश सेल्सियसला वितळलेल्या सायनाइडच्या कुंडांत बुडवूं लागले. कार्बन व नत्र पोलादांत मुरतात खरे. परंतु त्या सायनाइडला अम्लाचा स्पर्श होतांच प्राणघातक वायु सुटतो.

ठाण्याची वागळे इस्टेट आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांस घरें आतां खेटून आहेत. तेव्हां आम्हां रहिवाशांस हा विषय परका नाहीं.

यास उपायहि आहेत. बंद भट्टींत कार्बनयुक्त वायु सोडून तेंच काम होतें. किंवा हवा काढून घेतलेल्या पात्रांत विजेच्या योगें नत्र व हायड्रोजन यांचा प्लाझ्मा करून, तोहि सुमारें ५०० अंशांवर. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेनें हें दुसरें तंत्र देशी उद्योगांस दिलें आहे. त्याचा थर पातळ येतो, यंत्रहि महाग. लहान कारखानदार कचरतो, त्यास आम्ही दोष देत नाहीं. मात्र ज्यांचे मुलगे अशा कारखान्यांत जातात, त्यांनीं आज रात्रीं जेवतांना एवढें विचारावें : कुंडाशेजारीं अम्लाचे कॅन तर ठेवीत नाहींत ना?