मूल, मोबाइल आणि राखणदार

२०२० सालच्या टाळेबंदीत शाळा मोबाइलमध्ये शिरली. ज्या घरात पुस्तके ठेवायला फळी नव्हती, त्या घरातल्या बापाने उसनवारी करून पोरीसाठी फोन आणला. ‘फोन घ्या, नाहीतर पोरांचे वर्ष जाईल’ असे सांगत वस्तीवस्तीतून हिंडणाऱ्या मास्तरांत मीही होतो. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते, त्यामुळे शिक्षणाचे एखादे दार बंद होताना दिसले की माझा जीव कासावीस होतो. त्या फोनच्या दारातून पोरीपर्यंत आणखी कोण कोण येऊ शकेल, हा विचार मात्र आम्ही कुणीच केला नव्हता.

मुलांना अशा रीतीने गाठणाऱ्यांना अडवणे हा आज जगभर एक स्वतंत्र व्यवसाय झालेला आहे. त्यात अभियंते आहेत, पोलीस आहेत, वकील आहेत, समुपदेशक आहेत. ही माणसे काय करतात आणि त्यांची साखळी आपल्या वस्तीच्या तोंडाशी येऊन कुठे तुटते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी समजून घ्यायला हवे.

साखळीचे पहिले टोक यंत्राचे आहे. २००९ साली मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि हॅनी फरीद या अमेरिकन प्राध्यापकाने ‘फोटो-डीएनए’ नावाची पद्धत तयार केली. प्रत्येक चित्राचा गणिताने एक ठसा काढायचा आणि तो अत्याचाराच्या ज्ञात चित्रांच्या ठशांशी ताडून पाहायचा, अशी ती पद्धत. चित्राचा आकार किंवा रंग थोडाफार बदलला तरी ठसा ओळखू येतो. परंतु यंत्राला ओळखता येते ते आधी कुणीतरी पाहून नोंदवलेले चित्र. नव्या चित्रांचा अंदाज बांधणारी यंत्रे आता निघाली आहेत खरी, पण बहुतेक वेळा निवाडा करावा लागतो तो माणसाच्याच डोळ्यांना. हे डोळे कंत्राटी कामगारांचे असतात. नैरोबी, मनिला, आपल्याकडचे हैदराबाद अशा शहरांत बसून ही तरुण मुले-मुली दिवसभर जगाची घाण पाहतात आणि बाजूला काढतात. २०२० साली फेसबुकने अमेरिकेतील अशा कामगारांना ५ कोटी २० लाख डॉलर देण्याची तडजोड केली. ही दृश्ये रोज पाहून आपल्याला मानसिक आजार जडले, अशी त्यांची तक्रार होती. या कामगारांच्या जातीविषयी मी काही म्हणत नाही. पण घाण करणारा एक, ती उपसणारा दुसरा आणि उपसणाऱ्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही, हा न्याय आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

असे काही आढळले की अमेरिकेतील कंपन्यांना तिथल्या कायद्याने ते एका राष्ट्रीय केंद्राला कळवावे लागते. हे केंद्र १९८४ साली हरवलेल्या व शोषित मुलांसाठी सुरू झाले. २०२३ या एका वर्षात त्याच्याकडे ३ कोटी ६० लाखांहून अधिक सूचना आल्या, आणि त्यांत भारताशी निगडित सूचनांची संख्या सर्व देशांत अधिक होती. २०१९ सालच्या करारानुसार या सूचना आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येतात, तिथून राज्याच्या सायबर पोलिसांकडे, आणि शेवटी कुठल्या तरी तालुक्याच्या ठाण्यात. एवढा सातासमुद्रांचा प्रवास करून आलेला कागद त्या ठाण्यातल्या टेबलावर किती दिवस पडून राहतो, हे ठाण्यागणिक बदलते.

कायदा कमी आहे असे नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. मुलाचे खरे किंवा बनावट चित्र प्रसिद्ध करण्याची धमकी देणे हासुद्धा त्याच्या ११व्या कलमाने गुन्हा आहे. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या खोट्या फोटोची धमकीही त्यात येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७-ब कलम मुलांना फूस लावून ऑनलाइन संबंधात ओढण्याला शिक्षा सांगते. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच न्यायालयांनी वापरू नये असे बजावले, कारण त्या शब्दाने अत्याचार हा करमणुकीसारखा भासतो. त्याऐवजी ‘शोषण’ आणि ‘अत्याचार’ हे शब्द असलेली संज्ञा न्यायालयाने सुचवली. शब्दाने जखम कशी झाकली जाते हे आपल्या साहित्याला ठाऊक आहे. ते न्यायालयालाही पटले, ही समाधानाची गोष्ट.

आता माझी चूक सांगतो. आमच्या अकरावीतली सोळा वर्षांची एक मुलगी अचानक यायची थांबली. मला कारण कळले ते वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडून. “सर, पोरगी जेवत नाही. फोन वाजला की थरथरते,” त्या म्हणाल्या. मुलीच्या नावाने खाते उघडलेल्या कुणीतरी तिच्याशी मैत्री केली होती, तिचा चेहरा दुसऱ्याच शरीराला जोडला होता आणि आणखी फोटो पाठव नाहीतर गावच्या ग्रुपवर टाकतो, अशी धमकी चालवली होती. धमकीत तिच्या जातीचा उद्धार होता. मी काय केले? “सगळे पुसून टाक, खाते बंद कर,” असे सांगितले. मला वाटले, मी तिला सोडवले. वस्तुतः मी पुरावा नष्ट करायला लावला होता. खात्याचे नाव, दुवा, तारीख-वेळ आणि धमकीचा मजकूर जपून ठेवायचा असतो. ते चित्र मात्र कुणाला दाखवायला म्हणूनही पुढे पाठवायचे नसते, कारण तसे पाठवणे हाच गुन्हा ठरतो. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मला हे ठाऊक नव्हते.

आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती. पोक्सोच्या १९व्या कलमाने अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना देण्याचे बंधन आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. ‘कॉलेजचे नाव जाईल’ म्हणून प्रकरण दाबणारा प्राचार्य मुलीवर उपकार करत नसतो.

आम्ही ठाण्यात गेलो. तिथे पहिला प्रश्न बापाला विचारला गेला, “एवढ्याशा पोरीला फोन कशाला दिला?” बापाने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. त्या दिवशी काही नोंदवले गेले नाही. मग १०९८ फिरवला. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून ही हेल्पलाइन उभी राहिली; २०२३ पासून ती शासनाकडे आहे. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने एक पंचविशीची कार्यकर्ती आली, कंत्राटावर काम करणारी. तिने मुलीला आधी जेवायला घातले, मग विचारले, “तुला काय व्हावंसं वाटतं?” हा प्रश्न तोवर आम्हा कुणालाच सुचला नव्हता. मुलगी म्हणाली, “माझी शाळा बंद करू नका.”

पुढे गुन्हा नोंदला गेला. जबाब घरी घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा, गणवेश नसावा, असे २४वे कलम सांगते. त्या कार्यकर्तीने ते कलम तोंडपाठ म्हणून दाखवल्यावर एक बाई साध्या पंजाबी ड्रेसमध्ये वस्तीत आल्या. चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवणेही पोलिसांवर बंधनकारक असते. तेही आठवण दिल्यावर झाले. धमकीत जात होती, म्हणून अॅट्रॉसिटी कायदा लावा असा आग्रह धरावा लागला. त्या कायद्याच्या ४थ्या कलमात कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे, हे आम्ही अर्जातच लिहिले. कोण पकडले गेले ते इथे लिहीत नाही, खटला चालू आहे. मुलीची ओळख पटेल असे काही लिहायला तर कायद्यानेच बंदी आहे.

फोटो पसरू नये म्हणून त्या अमेरिकन केंद्राची ‘टेक इट डाउन’ नावाची सोय उपयोगी पडते. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याचा ठसा कंपन्यांकडे जातो. परंतु ज्या कंपन्या त्यात सामील आहेत तेवढ्यांपुरतीच ती चालते, आणि बंद ग्रुपवरच्या संदेशांपुढे तिचे फारसे काही चालत नाही. शिवाय त्यासाठी फोटो हाताशी लागतो. तो मी पुसायला लावला होता.

मुलगी बारावीला बसली. फोन आता बापाच्या सदऱ्याच्या खिशात असतो. मी वर्गाच्या ग्रुपवर काही पाठवले की त्यांचा फोन येतो, “सर, अभ्यासाचंच आहे ना? मग देतो तिच्याकडं.”