‘नेटवर्क गेलं!’ म्हणजे नेमकं काय गेलं?

रोबोटिक्स स्पर्धेच्या सरावाच्या मैदानावर “नेटवर्क गेलं!” हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकू येतं, त्याची गणती नाही. डॉक्टरकडे जाऊन “बरं वाटत नाही” म्हणावं, तसंच हे. खोटं नसतं, पण एवढ्यावर औषध देता येत नाही. रोबो वायरलेसवरून एकमेकांशी कसे बोलतात आणि ते बोलणं तुटलं तर नेमकं कुठे तुटलं हे कसं शोधायचं, हा माझ्या पीएचडीचा विषय. हाच प्रश्न शाळकरी मुलांच्या एका स्पर्धेत फार स्वच्छ दिसतो, म्हणून आज ते उदाहरण घेऊ.

ही स्पर्धा म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, थोडक्यात एफआरसी. १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. आता बऱ्याच देशांतले हायस्कूलचे संघ येतात, मुंबईतूनही संघ गेलेले आहेत. तीन संघ विरुद्ध तीन संघ, म्हणजे मैदानावर एका वेळी सहा रोबो, आणि सामना साधारण अडीच मिनिटांचा. त्यातला एक मिनिट रोबो नुसता उभा राहिला, तर मुलांची काही आठवड्यांची मेहनत जातेच, वर सोबतचे दोन संघही विनाकारण मार खातात. म्हणून सराव करताना नुसता रोबो पळवून भागत नाही, त्याचं नेटवर्कही तपासावं लागतं.

आधी साखळी समजून घ्या

चालवणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवर ‘ड्रायव्हर स्टेशन’ नावाचं सॉफ्टवेअर असतं. लॅपटॉपमधून केबल निघते ती मैदानाच्या स्विचला जाते. तिथून अ‍ॅक्सेस पॉइंट, मग हवेतून रोबोवरचा रेडिओ, आणि रेडिओतून छोट्या केबलने रोबोचा मेंदू, म्हणजे रोबोरिओ. लॅपटॉप दर २० मिलिसेकंदांनी एक आज्ञा पाठवतो, म्हणजे सेकंदाला ५०. आज्ञा येईनाशा झाल्या की रोबो स्वतःहून थांबतो. ही सुरक्षेची सोय आहे, बिघाड नाही.

पत्त्यांची पद्धतही सुंदर आहे. संघाचा क्रमांकच पत्त्यात येतो. समजा संघ १२३४ आहे, तर त्याचे सगळे पत्ते १०.१२.३४ ने सुरू होतात. रेडिओ १०.१२.३४.१, रोबोरिओ १०.१२.३४.२. त्यामुळे पत्ता वाचूनच अर्धं निदान होतं.

एकच वाक्य, तीन आजार

रोबो अचानक थांबला. लगेच कोड उघडू नका, राउटरही बंद-चालू करू नका. आधी ड्रायव्हर स्टेशनवरचे दिवे बघा. ‘कम्युनिकेशन्स’ आणि ‘रोबोट कोड’ असे दोन वेगळे दिवे तिथे असतात.

कम्युनिकेशन्स हिरवा आणि रोबोट कोड लाल असेल, तर नेटवर्क ठणठणीत आहे. तुमचा प्रोग्रॅम कोसळलाय.

दोन्ही हिरवे आहेत, पण मोटारी मध्येच गचके देतात किंवा थांबतात? बॅटरीकडे बघा. सगळ्या मोटारींनी एकदम जोर लावला की १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब खाली येतो. पहिल्या पिढीच्या रोबोरिओत तो ६.३ व्होल्टच्या खाली गेला, की मेंदू जिवंत राहावा म्हणून मोटारींचं आउटपुट बंद केलं जातं. इथेही नेटवर्कचा काही दोष नाही.

कम्युनिकेशन्स लाल झाला आणि बराच वेळ लालच राहिला, तर रेडिओवर संशय घ्या. धक्का बसल्यावर रेडिओच्या वीजपुरवठ्याचा प्लग क्षणभर सुटला तरी रेडिओ पहिल्यापासून सुरू होतो. अडीच मिनिटांच्या सामन्यात तेवढा वेळ परवडत नाही. म्हणून रोबो उभा असताना ती वायर हाताने हलवून बघा. दिवा गेला, तर चोर सापडला!

साखळीच्या मध्यावर विचारा

आता समजा रोबो सुरुवातीपासूनच जोडला जात नाहीये. इथे एक साधी कल्पना कामी येते, आणि संशोधनातही आम्ही तीच वापरतो. प्रत्येक प्रश्न असा विचारायचा की उत्तर काहीही आलं तरी निम्मे संशयित सुटले पाहिजेत. ३२ संशयित असतील, तर असे ५ प्रश्न पुरतात. एकेक कडी क्रमाने तपासत गेलात, तर ३१ लागू शकतात.

पहिला प्रश्न: लॅपटॉपला पत्ता कोणता मिळालाय? तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही. केबल, स्विचचं पोर्ट आणि पत्ते वाटणारं यंत्र एवढंच तपासा; रोबोला हात लावायची गरज नाही. पत्ता दुसऱ्याच संघाचा असेल, तर केबल चुकीच्या जागी खोचली आहे, कारण मैदानाचा स्विच सहा संघांसाठी सहा वेगळी आभासी नेटवर्क ठेवतो. पत्ता बरोबर असेल, तर पुढे चला.

दुसरा प्रश्न: लॅपटॉपवरून रेडिओला पिंग करा. उत्तर आलं, तर लॅपटॉपपासून हवेपर्यंतचं सगळं एका फटक्यात निर्दोष. आता फक्त रेडिओ ते रोबोरिओ हा वीतभर भाग उरला. ती छोटी केबल बदला. उत्तर आलं नाही, तर बिघाड अलीकडे आहे किंवा रेडिओच बंद आहे.

तिसरा प्रश्न: रोबोरिओ पत्त्याने सापडतो, पण नावाने सापडत नाही का? मग हार्डवेअरचा दोष नाही. लॅपटॉपची फायरवॉल बघा, आणि केबल जोडलेली असताना वायफायही चालू राहिलंय का ते बघा. दोन रस्ते उघडे असले की लॅपटॉप भलत्याच रस्त्यावर हाक मारत बसतो.

आणि एक नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, लॅपटॉप आणि कोड तिन्ही एकदम बदलून रोबो सुरू झाला, तर तुम्ही काहीच शिकला नाहीत. तोच बिघाड सामन्यात परत येईल.

घरी चालतं, मैदानावर नाही

सगळ्यात फसवा प्रकार हा. शाळेच्या वर्कशॉपमध्ये लॅपटॉप थेट रोबोच्या रेडिओला जोडला जातो. तिथे कसलीही बंधनं नसतात. खऱ्या मैदानावर मात्र ठरावीक पोर्टच उघडी असतात. संघांना स्वतःच्या कामासाठी ५८०० ते ५८१० ही पोर्ट दिलेली असतात; तुमच्या प्रोग्रॅमने ९००० वापरलं, तर घरी मस्त चालेल आणि मैदानावर मुकं होईल.

दुसरं बंधन बँडविड्थचं. प्रत्येक संघाला काही मेगाबिटच मिळतात. हिशेब करून बघा: ६४० × ४८० चं रंगीत चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे कच्चा व्हिडिओ सेकंदाला सुमारे २२१ मेगाबिट. तेच ३२० × २४० चं दाबलेलं चित्र, समजा १५ किलोबाइटचं, सेकंदाला १५ वेळा पाठवलं, तर १.८ मेगाबिटमध्ये भागतं. चालवणाऱ्याला तेवढं पुरतं.

म्हणून सरावाचं मैदान खऱ्या मैदानाइतकंच कडक हवं. यासाठी ‘चीझी अरीना’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, २५४ क्रमांकाच्या संघाने बनवलेलं. साधा संगणक, एक व्यवस्थित स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट घेऊन मैदानाचं नियंत्रण करता येतं. ते बसवताना एक गोष्ट हमखास तपासा: ज्या संगणकावर ते चालतं, त्याचा पत्ता १०.०.१००.५ असायलाच हवा. ड्रायव्हर स्टेशन मैदानाला त्याच पत्त्यावर शोधतं. पत्ता बरोबर असूनही भेट होत नसेल, तर त्या संगणकाची फायरवॉल बघा.

नोंद नसेल तर फक्त वाद

२०१२ मध्ये सेंट लुईसला झालेल्या अंतिम फेरीत, ‘आइन्स्टाइन’ नावाच्या मुख्य मैदानावर, एकामागून एक रोबो बंद पडले. फर्स्टने नंतर तपास करून अहवाल प्रसिद्ध केला. एका व्यक्तीने मुद्दाम वायरलेसमध्ये हस्तक्षेप केल्याचं त्यात निघालं. पण सगळे बिघाड त्या एकट्याच्या माथी मारता येत नव्हते. काही रोबोंच्या स्वतःच्या अडचणीही सापडल्या. बाहेरून बघणाऱ्याला मात्र सगळं सारखंच दिसलं होतं: रोबो थांबला.

असे अधूनमधून होणारे बिघाड डोळ्यांनी पकडता येत नाहीत. ड्रायव्हर स्टेशन प्रत्येक सरावाची नोंद ठेवतं: बॅटरीचा व्होल्टेज, हरवलेली पॅकेट्स, आज्ञा जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ, सगळं एकाच कालरेषेवर. आधी व्होल्टेज पडला आणि मग पॅकेट्स हरवली, तर वीज. व्होल्टेज सपाट आहे, पण रोबो लांब गेला किंवा मैदानाभोवती गर्दी झाली की पॅकेट्स हरवायला लागतात, तर हवा. दोन्ही ठीक आणि तरी रोबो थांबला, तर कोड.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी “नेटवर्क गेलं!” म्हणून ओरडलं, की शांतपणे विचारा, “कुठला दिवा लाल आहे?” तेवढ्या एका प्रश्नाने कितीतरी संशयित घरी जातात.