वृत्तपत्र आणि स्त्रीचा शब्द

सकाळीं घरांत येणारें वृत्तपत्र केवळ बातमी देतें, असा सामान्य समज आहे. परंतु एखाद्या प्रश्नावर कोणी बोलावयाचें, हेंही पुष्कळ अंशीं वृत्तपत्रच ठरवीत असतें. आणि सामाजिक न्यायाचा आरंभ अनेकदां तेथेंच होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्त्रियांच्या स्थितीविषयीं पत्रांतून पुष्कळ वाद झाले. मात्र वाद घालणारे बहुतेक पुरुषच होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेस १८८१ सालीं बालहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हां ‘पुणेवैभव’ पत्रानें त्या निमित्तानें स्त्रीजातीवरच आगपाखड केली. ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्यास उत्तर दिलें. पण तें पुस्तकरूपानें.

पुढें १८८५ च्या जूनमध्यें मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदु स्त्री’ या सहीनें बालविवाहावर एक पत्र आलें. सप्टेंबरांत सक्तीच्या वैधव्यावर दुसरें आलें. लेखिका होत्या रखमाबाई. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें होतें, आणि त्यांनीं नांदावयास यावें म्हणून पती दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं फिर्याद लावली होती. बालविवाह आपल्या विद्येच्या आड कसा आला, हें त्यांनीं स्वानुभवानें मांडलें. न्यायालयांत जी केवळ प्रतिवादी होती, ती वृत्तपत्रांत साक्षीदार झाली.

मार्च १८८७ मध्यें, पतीगृहीं जावें अथवा सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा निकाल झाला. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. ‘केसरी’नें त्यांच्यावर प्रखर टीका केली, पण प्रश्न आतां घराघरांत पोहोंचला होता. १८८८ सालीं २००० रुपयांवर तडजोड झाली. १८९१ च्या कायद्यानें संमतिवय दहावरून बारा वर्षांवर आलें. त्यामागील चळवळीस या खटल्याच्या चर्चेनेंही बळ दिलें. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या.

या पत्रांस मर्यादाही होती. तीं इंग्रजींत होतीं आणि सही टोपण होती. ज्या मुलींची ही व्यथा, त्यांतील फारच थोड्यांस तीं वाचतां आलीं असतील. बोलणाऱ्यास स्वतःच्या भाषेंत व्यासपीठ लागतें. बाबासाहेब आंबेडकरांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं सुरू केलेल्या मराठी पाक्षिकाच्या ‘मूकनायक’ या नांवांतही हेंच मर्म आहे.

म्हणून पीडितांची कणव किती केली, एवढ्यावरून पत्राची योग्यता ठरत नाहीं. ज्यांच्याविषयीं मजकूर छापला, त्यांचा स्वतःचा शब्द त्यांत आहे कीं नाहीं, ही त्याची खरी कसोटी होय.